पडद्याखालचे बूट

हल्डा कॉर्लिस भित्री होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक तिला वाघीण ठरवतील, आणि ते तिला मुळीच आवडलं नसतं. ती विजेला भ्यायची, गाईला भ्यायची, स्वतःच्या नवऱ्याच्या कुत्र्याला भ्यायची. टेलिफोन वाजला की हात पुसत पुसत त्याच्यापर्यंत जायची आणि तो थांबेपर्यंत नुसती शेजारी उभी राहायची. आमच्या डेन्स्लोत तेव्हा एका तारेवर आठ घरं असायची. एकाकडे घंटी वाजली की बाकीची सात हळूच रिसीव्हर उचलायची, त्यामुळे तिचं भिणं अगदीच वेडगळ नव्हतं म्हणा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिच्यामागे सात घरं होती.

ती शाळेत स्वयंपाक करायची. अठरा वर्षांत गावातल्या प्रत्येक पोराने तिच्या हातचे भाजलेले बीन्स आणि मक्याचा ब्रेड खाल्लेला. नवरा ल्यूथर, त्याचा उजवा हात लाकूड कापायच्या गिरणीत कोपरापासून गेला. तेव्हापासून तो स्टोव्हपाशी बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि येईल त्याच्याशी वाद घालायचा. घर चालायचं हल्डाच्या पगारावर आणि एका जर्सी गाईवर. गाईचं दूधही ल्यूथर एका हाताने काढायचा, कारण हल्डा गोठ्याच्या दारातच थांबायची.

मी थर्झा हेझन, गावाची क्लार्क. माझ्या घरातली पुढची खोली हेच ऑफिस. जन्म, मरण, जमिनीची कागदपत्रं, कुत्र्यांची लायसन्सं, सगळं तिथं. दर मार्चमध्ये गावसभेत माझी निवड व्हायची. समोर दुसरं नाव नसलं की कुणीतरी उठून म्हणतं, ‘क्लार्कने गावाच्या वतीने एक मत टाकावं.’ मग मी चिठ्ठीवर स्वतःचंच नाव लिहून स्वतःच पेटीत टाकते. बाहेरच्यांना याचं हसू येतं. आमचा त्यात वेळ वाचतो.

मतदाराची शपथही मीच द्यायची. आमच्या व्हर्मॉंटमध्ये ती घेतल्याशिवाय मत देता येत नाही. उजवा हात वर करून सांगायचं, की मी मत देईन ते माझ्या सदसद्विवेकाला राज्याचं भलं ज्यात दिसेल त्यालाच, राज्यघटनेला धरून, कुणाची भीती न बाळगता आणि कुणाची भीड न धरता. एकविसाव्या वर्षी पोरं हसत येतात, घडाघडा म्हणतात आणि पळतात. हल्डाने मात्र बारा वर्षं ती घेतलीच नाही. माझ्या आधीच्या क्लार्कसमोर जाऊन, कागद वाचून परत आली होती. मी क्लार्क झाल्यावर तिला विचारलं, तर म्हणाली, “त्यात ‘भीती न बाळगता’ असं लिहिलंय. मला तर भीती वाटते. खोटी शपथ कशी घेऊ?”

“अगं, सगळेच घेतात,” मी म्हटलं. “तेवढा अर्थ कुणी धरत नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला. शब्द इतक्या सावकाश म्हणत होती की माझी कॉफी गार झाली.

दुसरी मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. एका फेब्रुवारीत हायरम ट्वॉम्बली त्याच्या दुकानात, स्टोव्हशेजारी, डोकं फुटून मेलेला सापडला. सापडला तो त्याच्या सख्ख्या भावाला, क्लाइडला. हायरम साधा माणूस होता. पोरांच्या मुठीत पेपरमिंट कोंबायचा, आणि कुणी आजारी असलं की सामान स्वतः घरी नेऊन द्यायचा. ज्याने मारलं तो मर्ल डाउनर, बावीस वर्षांचा, आमच्याच गावचा. दारू प्यायला होता, गल्ल्यासाठी आला होता. त्याने ते नाकारलंही नाही. जूनमध्ये निकाल लागला: विजेची खुर्ची. तारीख पडली पुढच्या फेब्रुवारीची.

मर्लला आदल्या वर्षीच मी शपथ दिली होती. त्याच्या हाताला लाकडाच्या डिंकाचा वास येत होता, तो मला नको तेव्हा आठवायचा.

क्लाइड ट्वॉम्बली म्हणजे गिरणीचा मालक, गावच्या पंचांपैकी एक, शाळा समितीचा अध्यक्ष आणि जस्टिस, म्हणजे गावातून निवडलेला न्यायाधिकारी, जो निवडणुकीत मतंही मोजतो. आमच्याकडे माणसं कमी आणि खुर्च्या जास्त, एकेकाच्या वाट्याला चार येतात. भाऊ गेल्यापासून तो हसला नव्हता. त्याचं दुःख खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते दुःख गावभर दार ठोठावत फिरायला लागलं, आणि प्रत्येक घराने त्याला आत घेतलंच पाहिजे असं झालं.

त्या नोव्हेंबरात गव्हर्नरची निवडणूक. मोठ्या पक्षाचा बेल्डिंग म्हणाला, कायद्याप्रमाणे होईल. दुसऱ्या पक्षाचाही तेच म्हणाला, फक्त जरा हळू आवाजात. तिसरा होता जज टिलटसन, राज्याच्या दक्षिणेकडचा म्हातारा. त्याचा पक्ष म्हणजे एक गाडी आणि चार कार्यकर्ते. तो म्हणाला, मी त्या पदावर असेपर्यंत कुणालाही खुर्चीत बसवू देणार नाही, सगळ्यांना माफी.

मतपत्रिकेवर नाव यायचं तर अशा उमेदवाराला राज्यभरातून सह्या गोळा कराव्या लागतात. ऑगस्टमध्ये त्याची एक कार्यकर्ती डेन्स्लोत आली. गावाने तिच्या तोंडावर दारं लावली. हल्डाने दार उघडलं आणि सही केली. का, म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाली, “नाही म्हणायची भीती वाटली. आणि नाव तरी पत्रिकेवर येऊ दे की, मत कुठं देतेय मी?”

तो कागद पडताळणीला माझ्याकडे आला. आमच्या गावची एकच सही. दुसऱ्याच दिवशी क्लाइड माझ्या पुढच्या खोलीत, टोपी न काढता.

“थर्झा, टिलटसनचा कागद बघू.”

“काय करायचंय तुला?”

“सार्वजनिक कागद आहे. कुणालाही बघता येतो. की कायदा बदलला?”

कायदा बदलला नव्हता. मी कागद पुढे केला. त्याने त्या एका नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. जाताना आभार मानून गेला.

तिथून सुरू झालं. हल्डा दुकानात शिरली की बोलणं बंद पडायचं आणि ती बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायचं. तिच्या घरी फोन वाजायचा. ल्यूथरने उचलला की पलीकडे नुसता श्वास, आणि त्या श्वासामागे इतर घरांचे श्वास. एका सकाळी शाळेच्या स्वयंपाकघराच्या कडीला विजेच्या तारेचा तुकडा नीट गुंडाळून ठेवलेला होता. तिने तो सोडवायला पाऊण तास घेतला. त्या दिवशी पोरांना जेवण उशिरा मिळालं, आणि त्याचीही तक्रार समितीकडे गेली.

ऑक्टोबरात एकदा ती माझ्याकडे आली. आधी म्हणाली, पडदा ओढ. मी ओढला.

“ते पुस्तक दाखव. गव्हर्नरला काय काय करता येतं ते लिहिलेलं.”

मी कायद्याचं पुस्तक काढलं, सुरुवातीलाच घटना आहे. तिने बोट लावून वाचलं, ओठ हलवत.

“इथं लिहिलंय, माफी देता येईल. किती जणांना ते लिहिलेलं नाही.”

“नाही लिहिलेलं.”

“पण त्याच पानावर लिहिलंय की कायदे पाळले जातात की नाही हे त्यानेच बघायचं. मग हा टिलटसन खटला न बघताच कसा म्हणतो, की हा कायदा मी चालू देणार नाही? माफी म्हणजे एकेक माणूस समोर घेऊन बघायचं ना? मी वाढते तेव्हा प्रत्येक पोराचं ताट बघते. डोळे मिटून सगळ्यांना एकच पळी घातली तर ते काय वाढणं झालं?”

“मग नको देऊस त्याला मत.”

“आणि उद्या दुसरा कुणी येईल. म्हणेल, मला शाळेचा कायदा पसंत नाही, मी पाळत नाही. त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

“म्हणून तर सांगतेय, नको देऊस.”

“आणि मर्लला मारू दे?” तिचा आवाज चिरका झाला. “तो दुधावरची साय काढून ताटाच्या कडेला ठेवायचा. मी ओरडायचे त्याला. हायरमही माझाच होता गं. लवंगा मोजताना दोन जास्त टाकायचा. पण मी बेल्डिंगला मत दिलं तर त्या खुर्चीची कळ दाबणाऱ्यांत माझंही बोट असणार ना?” मग जरा वेळाने, “शिवाय टिलटसनने बायको सोडलीय म्हणे.”

“बायकोने त्याला सोडलं.”

“मग तर आणखी वाईट. तिला काहीतरी दिसलं असणार.”

मी हसले, तीही हसली, आणि मग लगेच तिने पडद्याकडे बघितलं. तेवढ्यात ल्यूथर तिला शोधत आला. तो आला की मुद्दा आलाच.

“ऐक,” तो म्हणाला. “टिलटसन काही निवडून येत नाही. त्याने मतं खाल्ली की कुणालाच निम्मी मिळणार नाहीत. मग आपल्या घटनेप्रमाणे विधिमंडळ गव्हर्नर निवडणार, गुप्त मतदानाने. म्हणजे तू मत द्यायचं आणि निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा. नदीत खडा टाकून पूर येतो का?”

“नाही येत,” हल्डा म्हणाली.

“आणि नोकरी गेली तर खायचं काय? माझा उरलेला हात?”

तिने कोटाची बटणं लावली. जाताना दारात थांबून मला विचारलं, “तू कुणाला देणार आहेस?”

“क्लार्कने ते सांगायचं नसतं.”

ते खरंही होतं आणि माझ्या सोयीचंही.

मतदानाच्या दिवशी टाउन हॉलमध्ये चर्चच्या बायकांचं जेवण असतं, कोंबडीची पाई, बीन्स, लोणच्याच्या काकड्या. एका भिंतीला लांब टेबलं, समोरच्या भिंतीला मतदानाच्या तीन खोपट्या. त्यांना पडदे आहेत, पण गुडघ्यापर्यंतच. जेवणाऱ्यांना आतल्याचे पाय दिसतात.

चार वाजता हल्डा हॉलच्या स्वयंपाकघरातून आली. एप्रन काढला, घडी घातली, माझ्याकडून मतपत्रिका घेतली आणि मधल्या खोपटीत गेली. ती ल्यूथरचे जुने रबरी बूट घालायची, डाव्या टाचेला लाल ठिगळ. गावात ते बूट न ओळखणारा कुणी नव्हता.

एक मिनिट झालं. दोन झाली. काटे-चमचे थांबले. एक बूट दुसऱ्यावर चढला, खाली उतरला. पाच मिनिटं झाली. क्लाइड माझ्या शेजारी मतपेटीपाशी बसला होता, तो खोकला. बूट एकदा बाहेरच्या बाजूला वळले, पुन्हा आत वळले. कुणीतरी म्हणालं, “हल्डा, झोपलीस का आत?” एकही माणूस हसला नाही. ती बाहेर आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. चेहरा पिठासारखा पांढरा. पत्रिका पेटीत टाकताना तिला फट सापडेना, मी हात धरून दाखवली.

मी नेहमी शेवटी मत देते, पेटी बंद करायच्या आधी. मला अर्धं मिनिटही लागलं नाही, कारण मी महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं. हल्डाचा पळीचा मुद्दा मला पटला होता, पण पुरता नाही. घटनेने माफीचा अधिकार दिलाय तो वापरायलाच दिलाय, असं मला वाटत होतं. आणि तो डिंकाचा वास होताच. मी टिलटसनवर फुली मारली, दाबून. भीती वाटली नाही, कारण हल्डाचं एक धरलेलंच होतं. आणखी एखाद-दोन निघतील, त्यांत माझं मिसळून जाईल.

मोजणी सुरू झाली. क्लाइड पत्रिका उघडून नाव वाचत होता, मी रेघा ओढत होते, दोन जस्टिस बघत होते. बेल्डिंग, बेल्डिंग, दुसरा, बेल्डिंग. मग तो थांबला.

“टिलटसन,” तो म्हणाला. पत्रिका त्याने दिव्याकडे धरली.

माझी फुली मला ओळखू आली. सरळ, जाड. हल्डाचा हात तर दूध ओततानाही हलायचा. ज्याला बघायचं होतं त्याला ते तिथंच दिसलं असतं. पण क्लाइड फुलीकडे बघत नव्हता, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. तिथं हल्डा रिकाम्या बशा घेऊन उभी होती.

मी पुढच्या टिलटसनची वाट बघत राहिले. पेटी रिकामी झाली. क्लाइडने ती उलटी करून झटकलीसुद्धा. बेल्डिंग अठ्ठ्याहत्तर, दुसरा चौदा, टिलटसन एक. म्हणजे हल्डाने दिलंच नव्हतं. ते एक मत माझं होतं आणि सबंध गावाने ते तिच्या नावावर लिहून टाकलं होतं. निकालाचा कागद मी माझ्याच अक्षरात लिहिला आणि दारावर ठोकला.

पुढच्या आठवड्यात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला. तिसऱ्या दिवशी कॉर्लिसांची गाय कुंपणाच्या आत गोळी लागून मेली. कुणीतरी चुकून हरीण समजलं म्हणे. लालसर तपकिरी गाय, गळ्यात घंटा, घरापासून वीस पावलांवर. ल्यूथर पोलिसांकडे जायचं म्हणत होता. हल्डाने त्याला जाऊ दिलं नाही. त्यानंतर ती स्वयंपाकघरात खिडकीसमोरून जाताना वाकून जायची, ते मी स्वतः पाहिलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी माझी पाचावर धारण बसायची. मार्चमध्ये माझी निवडणूक होती. मी एकटी, पन्नाशीला टेकलेली, एकोणीस वर्षं ते एकच काम केलेलं. लोक म्हणतील, क्लार्कच अशी, तर तिने मोजलेल्या मतांचं काय? हे कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते खरं वाटायला लागलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा समितीची बैठक झाली. टिपणं घ्यायला मी. विषय, स्वयंपाकिणीबद्दलच्या तक्रारी. हल्डाला बोलावलं होतं. वीसेक माणसं उगाचच जमली होती. जेवण उशिरा दिल्याचं झालं, सूप पातळ असल्याचं झालं. मग क्लाइड पुढे वाकला.

“हल्डा, सरळ विचारतो. ते मत तुझं होतं का?”

असं विचारता येत नाही. गुप्त मतदान आहे, कुणी कुणाला विचारायचं नसतं, आणि ते त्याला तिथं सांगणं हे त्या खोलीत फक्त माझं काम होतं. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. फक्त हल्डाने बघितलं. रागाने नाही. आपण रस्ता ओलांडायच्या आधी बघतो, तसं. मी मान खाली घालून लिहीत राहिले. लिहायला काहीच नव्हतं, तरी लिहीत राहिले.

“हो,” हल्डा म्हणाली. “माझंच.”

“म्हणजे कबूल?”

“कबूल काय त्यात, मिस्टर ट्वॉम्बली? चोरी नव्हती. मत होतं.”

ती धीटपणे म्हणाली असं वाटेल. तसं नव्हतं. आवाज फाटला होता आणि दोन्ही हात तिने कोटाच्या खिशात कोंबले होते, तरी कोट हलत होता. क्लाइडचा चेहरा क्षणभर असा झाला की तो आता रडेल. मग तिला काढायचं का, यावर त्याने समितीला हात वर करायला सांगितलं, आणि नाताळानंतर शाळेला दुसरी स्वयंपाकीण आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्या हाताने टिपणवहीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती बटाटे सोलत होती. गोठ्याचं दार उघडं होतं, आत काही नव्हतं.

“हल्डा, ते मत माझं होतं.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“फुली बघितली ना मी, क्लाइडने दिव्याकडे धरली तेव्हा. आमच्या कुत्र्याच्या लायसनवर दरवर्षी तू तशीच मारतेस.” तिने साल टोपलीत टाकलं. “मी आत पेन्सिल टिलटसनच्या चौकोनावर ठेवली होती. सगळा विचार करून झाला होता. मला नाही पटत गं त्याचं, पण मर्लला मारणं त्याहून कमी पटत होतं. तेवढ्यात क्लाइड खोकला. मग मी बेल्डिंगवर मारली.”

“मग तू हो का म्हणालीस? नाही म्हणायचं होतंस! खरंच तर होतं ते.”

“आणि काय सांगायचं? की नाही हो, मी तुम्ही सांगितलंत तसंच केलं, खोकल्याला भिऊन केलं? शपथ घेतली होती मी, थर्झा. तू म्हणालीस, त्याचा तेवढा अर्थ कुणी धरत नाही. मी धरला होता.” तिने सुरी पुसली. “त्याने विचारलं तेव्हा भीती वाटली, खूप वाटली. पण लाज त्याहून जास्त वाटत होती. आणि तुझं ते मत तिथं बेवारशी पडलं होतं. कुणी घेईना. म्हटलं, आपण घेऊ.”

“मी उद्या क्लाइडला सांगते.”

“सांग की,” ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

तो उद्या अजून उजाडायचा आहे.

राज्यभरात बेल्डिंग निम्म्याला थोडा कमी पडला. ल्यूथर म्हणाला होता तसंच झालं, जानेवारीत विधिमंडळाने निवड केली आणि बेल्डिंगलाच केलं. त्याने मर्लचे कागद मागवले, वाचले, आणि कायद्याप्रमाणे होईल म्हणाला. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी विंडसरच्या तुरुंगात ते उरकलं. गावाला त्यानंतर बरं वाटेल असा सगळ्यांचा हिशेब होता. हायरमच्या दुकानात त्या शनिवारी नेहमीसारखी माणसं होती आणि कुणीच बोलत नव्हतं. क्लाइड स्टोव्हकडे पाठ करून बसला होता. हल्डा तोवर शेजारच्या गावात अंडी पुसायच्या कामाला लागली होती. जाऊन-येऊन आठ मैल चालायची, आणि वाटेत तीन कुत्री.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरली. क्लार्कच्या जागेचा विषय आला. क्लाइड उठला.

“थर्झा हेझन,” तो म्हणाला. “आजवर हिच्या मोजणीत एका मताचीही चूक नाही.”

लोकांनी माना डोलावल्या. दुसरं नाव नव्हतं. आता कुणीतरी ते नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं. शेवटच्या बाकावर कुणीतरी उभं राहिलं. हल्डा होती. तीस वर्षांत ती गावसभेत एक शब्द बोललेली नव्हती. सगळ्या माना वळल्या.

“मी सुचवते,” ती म्हणाली, आणि तिला मध्येच श्वास घ्यावा लागला. “मी सुचवते, की क्लार्कने एक मत टाकावं.”

सगळे एका सुरात ‘हो’ म्हणाले. मी चिठ्ठी घेतली. पेटी तीच होती. पेन्सिल धरली, तर हात असा थरथरत होता की स्वतःचं नाव मला दोनदा लिहावं लागलं. फट सापडेना. टाकून मागे वळले तेव्हा हल्डा खाली बसली होती. बाकाखाली तिचे ते ठिगळाचे बूट शेजारी शेजारी होते आणि जराही हलत नव्हते.

त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. दर एप्रिलला कुत्र्याचं लायसन घ्यायला यायची, माझ्या खोलीत बसायची, कॉफी प्यायची. सभेत तिने ते मला सांभाळून घ्यायला म्हटलं की टोचायला, हे मी तिला कधी विचारलं नाही. भीती वाटली.